मशीनच्या दिवशी सहा

मला लोक फटकळ म्हणतात आणि ते खोटं नाही. रत्नागिरीतल्या एका शाळेत मी तीसेक वर्षं गणित शिकवलं. गणितात ‘असावं’, ‘बघू’, ‘सांगता येत नाही’ असली उत्तरं चालत नाहीत. आलं तर आलं, नाहीतर चुकलं. घरातही माझा तोच खाक्या. आठ पाहुणे असले तर आंबे किती पिळायचे, मुलीला कुठल्या कॉलेजात घालायचं, विहिरीवरचा पंप कधी बदलायचा, सगळ्याची उत्तरं माझ्याकडे तयार. आमचे हे बरोब्बर उलटे. उभा जन्म हापूसच्या बागेत गेलेला माणूस. कलमं मोहोराने भरली तरी म्हणायचे, “हातात पडेल तेव्हा आपलं.” कुणी काही विचारलं की आधी माझ्याकडे बघायचे. मी करवादायचे, “तुम्हाला तोंड नाही का हो?” पण मनातून बरं वाटायचं, आता खोटं कशाला बोलू.

त्या तयार उत्तरांपायी एकदा मी त्यांना जवळजवळ घालवलं होतं. तेच सांगायला बसले आहे.

दोन हजार सालच्या मागेपुढे ह्यांच्या किडन्या गेल्या. मधुमेह जुनाच होता, त्याने आतून पोखरलं आणि आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. पहिलं वर्षभर आम्ही आठवड्यातून दोनदा आंबा घाट चढून कोल्हापूरला डायलिसिसला गेलो. चार तास मशीनवर आणि त्याच्या दुप्पट तास गाडीत. मग गावातल्याच एका खाजगी हॉस्पिटलात दोन मशीनं आली, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. आमचे वार ठरले सोमवार आणि गुरुवार, दुपारी एक ते पाच. शाळेने त्या दोन दिवशी मला सकाळचेच तास लावून दिले. सव्वाअकराला मी घरी, साडेअकराला ह्यांचं पान वाढायचं, साडेबाराला रिक्षा.

पथ्य असं की हसावं की रडावं कळू नये. दिवसाचं पाणी पाऊण लिटर, त्यात चहा, आमटी, ताक सगळं धरून. मीठ नावापुरतं. शहाळं बंद. आंबा बंद. ज्याच्या पेट्या दरसाल मुंबईला जातात त्याला एक फोड चाखायची सोय नाही, कारण त्यातलं पोटॅशियम हृदयाला झेपत नाही. हे आंबे पिकायला आढी लावलेल्या खोलीत जाऊन खुर्ची टाकून बसायचे आणि म्हणायचे, “वास घ्यायला तुझ्या डॉक्टरची ना नाही ना?” मी म्हणायचे, “माझा कुठला डॉक्टर? तुमचाच तो!”

अशी चार वर्षं गेली आणि आम्ही दोघंही त्याला सरावलो. डायलिसिसवाल्यांचं रक्त दर महिन्याला तपासतात. एका महिन्यात पांढऱ्या पेशी वाढलेल्या निघाल्या. आमचे किडनीचे डॉक्टर दर गुरुवारी कोल्हापूरहून यायचे, तीन तासांत वीस पेशंट बघून परत जायचे. ते म्हणाले, हातावरच्या सुईच्या जागी जंतू गेले असतील. इंजेक्शनं दिली. पुढच्या महिन्यात पेशी आणखी वाढल्या. पुन्हा इंजेक्शनं, पुन्हा वाढ. मग त्यांनी पोट दाबून पाहिलं आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून आमच्याजवळ बसले. प्लीहा मोठी झाली होती. त्यांनी आम्हाला मुंबईला एका रक्ताच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

तिथे निदान झालं रक्ताच्या कॅन्सरचं. मी त्या डॉक्टरांना चक्क म्हणाले, “दुसऱ्याचा रिपोर्ट आला असेल हो. ह्यांना किडनीचा आजार आहे.” जसा काही एका माणसाला एकच आजार द्यायचा असा वर कुठे नियम आहे! ते डॉक्टर शांत होते. चाळिशीचे असतील, मराठी चांगलं बोलत. ते म्हणाले, “हा हळू चालणारा प्रकार आहे आणि ह्याच्यावर आता गोळी निघाली आहे. ती नेहमीच्या केमोसारखी सगळ्याच पेशी मारत सुटत नाही. बिघडलेल्या पेशीत एक बटण चालूच राहिलेलं असतं, तेवढंच ती बंद करते. केस जात नाहीत, हॉस्पिटलात राहावं लागत नाही. रोज घ्यायची, कायमची.”

“मग द्या की,” मी म्हटलं.

“देतो. पण एक अडचण आहे. इतरांना आम्ही चार कॅप्सूल देतो. डायलिसिसवर असलेल्या माणसाला किती द्यायच्या, हे मला नक्की सांगता येत नाही. पुस्तकात जे आहे ते बहुतेक किडन्या चालणाऱ्यांचं आहे. मी असे दोन-तीनच पेशंट पाहिलेत. आपण तीनने सुरुवात करू. बघू.”

बघू! एवढा मोठा डॉक्टर, भिंतीवर एवढ्या पदव्या, आणि बघू म्हणतो. मला मनस्वी राग आला. हे मात्र म्हणाले, “बरोबर आहे. आम्हीसुद्धा नवीन औषध आधी दोन कलमांवर मारून बघतो.” डॉक्टर हसले. मी नाही हसले. ह्यांच्यासारखं दुसरं कलम माझ्याकडे नव्हतं.

तेव्हापासून घरात गोंधळाचं राज्य सुरू झालं. औषधाच्या खोक्यातला कागद मी भिंग लावून वाचला. त्यात लिहिलेलं, जेवणानंतर मोठा पेलाभर पाण्याबरोबर घ्यावे. मोठा पेला म्हणजे ह्यांच्या दिवसभराच्या पाण्यातला तिसरा हिस्सा गेला. मुंबईला फोन केला तर डॉक्टर म्हणाले, “पाणी हवंच, नाहीतर पोटात जळजळ होईल. पण किती चालेल ते किडनीवाल्यांना विचारा.” गुरुवारी किडनीवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, “पाणी वाढवायचं नाही. पण औषध त्यांचं आहे, त्यांनाच विचारा.” शेवटी मी माझ्या मनाने ठरवलं. सकाळचा चहा अर्धा केला, आमटी बंद केली, आणि ते पाणी कॅप्सूलला दिलं. हे कोरडा भात पुढे ओढून म्हणाले, “लहानपणी आई म्हणायची, अन्नाला नावं ठेवू नये.” आणि मुकाट जेवले.

तरीही पहिल्या दोन महिन्यांत पेशी खाली आल्या. प्लीहा ओसरली. ह्यांना जेवण जायला लागलं. दुपारी साडेअकराच्या जेवणावर तीन कॅप्सूल, अगदी घड्याळ लावून, कारण डॉक्टरांनी बजावलं होतं की वेळ मोडायची नाही. मला वाटलं, जिंकलं. इथेच मी चुकले. आपल्याला समजलं आहे असं वाटण्यासारखी घातक गोष्ट नाही.

डायलिसिसच्या खोलीत एक टेक्निशियन होता, चिपळूणकडचा, कामाला चोख. सगळे मला म्हणत तसा तोही ‘बाई’ म्हणायचा. तो पूर्वीच म्हणाला होता, “बाई, व्हिटॅमिनची गोळी मशीननंतर द्या. आधी दिलीत तर सगळी धुऊन जाते.” ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. एका गुरुवारी मी त्याला कॅप्सूलचं पाकीट दाखवून विचारलं, “ही पण धुऊन जात असेल का रे?” तो म्हणाला, “हे औषध मी पहिल्यांदाच बघतोय, बाई. डॉक्टरना विचारा.” डॉक्टर तेव्हा दुसऱ्या खाटेवर वाकलेले. मी तिथूनच विचारलं, “मशीनमधून औषधं जातात ना हो?” ते मान वर न करता म्हणाले, “काही जातात, काही नाही जात.” आणि बाहेर पडले, त्यांना अंधाराच्या आत घाट उतरायचा होता... नव्हे, चढायचा होता. माझा त्या दिवसांत असाच गोंधळ व्हायचा.

काही जातात, काही नाही. मग ही कुठली? सोमवार-गुरुवारी साडेअकराला कॅप्सूल पोटात आणि एकला मशीन सुरू. मी शिकवताना मुलांना म्हणायचे, दोन गोष्टी समोर मांडा, संबंध आपोआप दिसतो. मला संबंध दिसत होता. तीन कॅप्सूल म्हणजे आधीच कमी, त्यात मशीनने धुऊन नेल्या तर उरलं काय?

त्याच आठवड्यात बागेत फवारणी होती. मोहोरावर तुडतुडे आले होते. सकाळी गड्यांनी पंप लावून चाळीस कलमं भिजवली आणि दुपारी आभाळ भरून आलं. जानेवारीतला पाऊस, कुणाच्या ध्यानीमनी नाही. तासभर पडला आणि थांबला. ह्यांनी ओटीवरच्या खुर्चीतूनच मुकादमाला सांगितलं, “आजची फुकट गेली. उद्या परत मारा.” मुकादमाने मान डोलावली. कुणी वाद घातला नाही, कुणाला विचारलं नाही. पाऊस पडला, औषध धुतलं गेलं, परत मारायचं. कोकणातलं पोरसुद्धा हे जाणतं.

मी दारात उभी होते. आणि मला उत्तर मिळालं. इतकं सरळ उत्तर की आधी कसं सुचलं नाही म्हणून मी कपाळाला हात मारला. पुढच्या सोमवारी मशीनवरून आल्यावर, रात्रीच्या जेवणानंतर मी ह्यांच्या हातावर पुन्हा तीन कॅप्सूल ठेवल्या.

“ह्या कसल्या?” ते म्हणाले.

“दुपारच्या धुऊन गेल्या. मशीनच्या दिवशी सहा. फवारणी केली आणि पाऊस पडला तर काय करता?”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग कॅप्सूलकडे बघितलं. “डॉक्टरना विचारलंस?”

“त्यांना काय विचारायचं? ते म्हणणार, बघू. त्यांना विचारा, ह्यांना विचारा. मी सांगते ना, सहा!”

“बरं,” ते म्हणाले आणि घेतल्या.

आता कुणी म्हणेल, बाई, एवढी हुशार होतीस तर दुपारच्या कॅप्सूल रात्री का नाही ढकलल्यास? हाच प्रश्न मला पुढे विचारला गेला. पण डॉक्टरांनी वेळ मोडायची नाही म्हटलं होतं, आणि सांगितलेली वेळ मोडणं माझ्या स्वभावात नाही. नियम पाळून वर स्वतःचा एक जोडायचा, ही माझी जुनी खोड. औषध लवकर संपायला लागलं तेव्हा मी दुकानदाराला पुढच्या महिन्याचं आधी मागवायला सांगितलं. शाळेतल्या बाईंवर कोण संशय घेणार?

असे अडीच महिने गेले.

पहिल्यांदा डोळ्यांखाली सूज आली. सकाळी उठले की पापण्या अशा फुगलेल्या की समोरचं दिसायला हाताने वर कराव्या लागत. मी म्हटलं, पाणी जास्त झालं. टेक्निशियनने वजन केलं, तेही वाढलेलं. मशीनवर पाणी जास्त ओढायला लावलं. त्याने सूज तसूभर हलली नाही, पण ह्यांच्या पोटऱ्यांत असे गोळे यायचे की हा सोशिक माणूस खाटेच्या कडा धरून कण्हायचा. रक्तदाब खाली जायचा. मी पाणी आणखी तोडलं. त्यांनी घोटभर मागितलं तर मी ओरडायचे, “डोळे बघा आरशात! आणि पाणी मागताय!” देवा, ते ओरडणं आज आठवलं की जीभ उपटून काढावीशी वाटते.

मुंबईला फोन केला. डॉक्टर म्हणाले, “ह्या औषधाने डोळ्यांभोवती सूज येते. पण तीन कॅप्सूलवर एवढी यावी? किडनीचीच असेल. त्यांना विचारा.” गुरुवारी किडनीच्या डॉक्टरांना विचारलं. “एवढं पाणी काढूनही सूज? मग औषधाचीच. त्यांना विचारा.” मी दोन दारांच्या मध्ये उभी, आणि दोन्ही दारांवर लिहिलेलं, पलीकडे चौकशी करा. त्यांचा तरी काय दोष? त्या दोघांना एकच आकडा माहीत होता, तीन. खरा आकडा मला माहीत होता, आणि तो सांगायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. लपवलं नाही हो, शपथेवर सांगते. मला ती चूक वाटतच नव्हती, तर सांगणार काय?

मग मळमळ सुरू झाली. मग एका सोमवारी मशीन संपल्यावर हातातली सुई काढली आणि रक्त थांबेना. एरवी दहा मिनिटं दाबून धरलं की पुरे व्हायचं. त्या दिवशी टेक्निशियन पाऊण तास बोट दाबून उभा. त्याला वाटलं, रक्त पातळ करायचं औषध जास्त झालं. त्याने ते कमी केलं. गुरुवारी पुन्हा तेच. तेव्हा त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, “बाई, हे माझ्या हातातलं नाही. रक्त तपासा.” रिपोर्ट आला. चार महिन्यांपूर्वी ज्या पेशींचा डोंगर होता तिथे आता खड्डा. आणि रक्त गोठवणाऱ्या पेशी तर इतक्या खाली की किडनीच्या डॉक्टरांनी स्वतः मुंबईला फोन लावला आणि आम्हाला म्हणाले, “सोमवारचं डायलिसिस झालं की मंगळवारी सकाळच्या गाडीने निघा. गुरुवारच्या आत परत या.”

मंगळवारी संध्याकाळी आम्ही त्या डॉक्टरांसमोर बसलो. त्यांनी रिपोर्ट पाहिले, ह्यांचे डोळे पाहिले, हिरड्या पाहिल्या. हिरड्यांतून रक्त येत होतं. म्हणाले, “मला कोडं सुटत नाही. तीन कॅप्सूलवर असं व्हायला नको. कदाचित डायलिसिसच्या माणसात हे औषध साठत असेल. कदाचित आजारानेच उचल खाल्ली असेल. तसं असेल तर मात्र माझ्याकडे दुसरी गोळी नाही.” मग त्यांनी सवयीने विचारलं, “तीनच घेता ना?”

हे काही बोलायच्या आत मी बोलले. पाठ केलेला धडा म्हणून दाखवावा तशी, ताठ बसून. “रोज तीन. मशीनच्या दिवशी सहा. धुऊन जातात ना, म्हणून मशीननंतर पुन्हा तीन. एकही दिवस चुकवला नाही.”

मला वाटलं, ते म्हणतील, शाब्बास.

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग अगदी हळू म्हणाले, “कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला हवं? मशीन सगळं धुतं.”

“बाई, हे औषध किडनीवाटे फारसं जातच नाही. ते यकृतात मोडतं. रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून असतं, त्यामुळे मशीनच्या जाळीतून ते निघत नसावं. म्हणजे वरच्या तीन देऊन त्या दिवशी तुम्ही दुप्पट औषध दिलंत, आणि ते ह्यांना झेपलं नाही.”

“नसावं?” मी म्हटलं. “नसावं म्हणजे काय? निघतं की नाही निघत?”

“मला वाटतं, नाही निघत. शंभर टक्के मी सांगू शकत नाही. आणि असं पाहा, नुसती वेळ बदलली असतीत तरी चाललं असतं.”

पायाखालची जमीन सरकणे हा वाक्प्रचार मी ऐकलेला होता, तो असा असतो हे माहीत नव्हतं. हे शेजारून म्हणाले, “मलाही तसंच वाटलं होतं, डॉक्टर. आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.” मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

डॉक्टरांनी औषध तीन आठवडे पूर्ण बंद केलं. पेशी वर आल्या तर दोन कॅप्सूलवर पुन्हा सुरू करायचं. मी विचारलं, “आणि त्या तीन आठवड्यांत आजार परत उसळला तर?” ते म्हणाले, “ती जोखीम आहे.” पुन्हा लागू पडेल का, तर “पडायला हवं.” ह्या वेळी मला राग आला नाही. मला कळलं की हा माणूस मला पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता, आणि मी त्याला कच्चा समजत होते.

बुधवारी सकाळच्या गाडीने परत निघालो. मी पनवेलपासून तोंड उघडलं नव्हतं. हे खिडकीशी. माणगाव गेल्यावर म्हणाले, “वर्ग फारच शांत आहे आज.”

मला रडू फुटलं. डब्यात माणसं होती, चहावाला होता, मला कुणाचं काही वाटलं नाही. “मी मारत होते तुम्हाला,” मी म्हटलं. “घोटभर पाणी तोडलं, ओरडले, आणि सगळं मीच करत होते.”

“अगो, हळू.”

“तुम्ही डॉक्टरसमोर खोटं का बोललात? तुम्हाला कुठे वाटलं होतं तसं?”

ते खिडकीबाहेर बघू लागले. मग म्हणाले, “नव्हतं वाटलं.”

“म्हणजे?”

“त्या दिवशी पाऊस पडला ते तुडतुड्यांवरचं औषध पानाच्या वरवर बसणारं होतं. ते धुऊन जातं. दुसरं असतं, बाटलीवर आंतरप्रवाही लिहिलेलं. ते झाडाच्या आत शिरतं. एकदा आत गेलं की वरून कितीही पाऊस पडो. गिळलेलं औषध म्हणजे आतलंच की. मला पहिल्या दिवशीच शंका आली होती.”

मी अशी भडकले की समोरच्या बाकावरची बाई मूल घेऊन उठली. “शंका आली होती? आणि अडीच महिने गिळत बसलात? तोंड शिवलं होतं का तुमचं? मेला असतात म्हणजे!”

“शंका होती, खात्री नव्हती. मी काय डॉक्टर आहे?” ते म्हणाले. “आणि खरं सांगू का? वर्ष होत आलं, ज्याला विचारावं तो म्हणतो, असेल, नसेल, बघू. कोल्हापूरचे म्हणतात मुंबईला विचारा, मुंबईचे म्हणतात कोल्हापूरला. रात्रभर माझ्या डोक्यात तेच. तू एकटी आलीस आणि म्हणालीस, सहा. अशी म्हणालीस की मला त्या दिवशी पहिल्यांदा झोप लागली. त्या खात्रीसाठी मी घेत होतो. मळमळ काय, सोसवत होती.”

त्यांनी खिशातली छोटी बाटली काढली, एक घोट प्यायले, आणि बूच लावून माझ्या मांडीवर ठेवली. मी ती त्यांच्याकडे परत सरकवली. म्हटलं, “प्या अजून. आज प्या.”

पुढचे तीन आठवडे मी जे काढले ते माझं मला ठाऊक. डोळ्यांची सूज उतरली, हिरड्या सुकल्या, मळमळ गेली. माणूस दिवसागणिक सुधारत होता आणि मला दिवसागणिक भीती वाढत होती, कारण औषध बंद होतं आणि आत काय चाललं आहे ते दिसत नव्हतं. बरं होताना बघून घाबरायचं, असा उफराटा प्रकार मी कधी पाहिला नाही. शाळेत फळ्यासमोर उभी राहिले की हातातला खडू थांबायचा. मुलं विचारायची, “बाई, उत्तर बरोबर आहे ना?” आणि मी खाली वाकून पुस्तकात बघायचे. तीस वर्षांत मी उत्तरं पुस्तकात बघितली नव्हती. घरी तर मी ठरवूनच टाकलं होतं, जे माहीत नाही त्याला आता माहीत नाही म्हणायचं. हे विचारायचे, भाताला अजून पाणी चालेल का, मी म्हणायचे, माहीत नाही, गुरुवारी विचारू. आज उठून बागेत जाऊ का? माहीत नाही. मला वाटत होतं, मी शहाणी झाले. ते मात्र विचारायचे हळूहळू कमी झाले. ओटीवर बसून राहायचे. रात्री त्यांच्या कूस बदलण्याने मला जाग यायची.

चौथ्या सोमवारी पेशी वर आलेल्या निघाल्या आणि मुंबईहून फोनवर सांगणं आलं, आजपासून दोन. वेळ कुठलीही चालेल. आजार उसळला आहे की नाही त्याची वेगळी तपासणी मुंबईला पाठवली होती, तिचा निकाल यायला दहा दिवस होते. पुढे ते साडेतीन वर्षं होते, हे मी आज जाणते. त्या दुपारी जाणत नव्हते.

एक वाजता मशीन सुरू झालं. टेक्निशियनने सुया बसवल्या, पट्ट्या लावल्या आणि दुसऱ्या खाटेकडे गेला. मी स्टुलावर बसले. थोड्या वेळाने ह्यांनी मोकळा हात माझ्या बाजूला सरकवला. त्यांनी लग्नानंतर इतक्या वर्षांत चारचौघांत माझा हात धरला नव्हता.

“अगो,” ते म्हणाले, “लागू पडेल ना गो परत?”

मला डॉक्टरांचं ‘पडायला हवं’ आठवलं. ते खरं होतं, आणि त्या क्षणी माझ्याजवळ तेवढंच खरं होतं. मी तोंड उघडलं आणि पाहिलं, ते डॉक्टरांच्या उत्तरासाठी थांबले नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

“पडणार,” मी म्हटलं. “पडणारच. मला माहीत आहे.”

मला काडीचं काही माहीत नव्हतं. त्यांनी मान डोलावली, डोळे मिटले, आणि पाच वाजेपर्यंत गाढ झोपले.